बेट्टाची टाकी सजवताना: आधी बोट फिरवा, मग पाण्यात सोडा

माझ्या पहिल्या बेट्टाच्या शेपटीला चीर पडली तेव्हा मी आधी पाणी तपासलं, मग औषधांची चौकशी केली. टाकीतल्या लाल प्लॅस्टिकच्या झाडाकडे मात्र चार दिवस माझं लक्षच गेलं नाही. ते झाड घरात सगळ्यांना आवडायचं. शेवटी पाणी बदलताना त्याच झाडाने माझ्या बोटावर ओरखडा काढला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. माझ्या बोटाची कातडी कुठे आणि माशाच्या परांचा तो पापुद्रा कुठे!

तुम्ही नुकताच बेट्टा, म्हणजे फायटर मासा, आणला असेल किंवा आणायच्या विचारात असाल, तर टाकीत काय ठेवावं, काय नको आणि ठेवायच्या आधी ते कसं तपासावं याची ही वाट. शक्यतो मासा येण्याआधीच यातलं सगळं उरका. मासा पोहत असताना टाकीत हात घालून दगड हलवत बसणं त्यालाही नको असतं आणि तुम्हालाही.

आधी मासा नीट बघा

बाजारात मिळणारा लांब, झुळझुळीत परांचा नर बेट्टा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेला आहे. थायलंड आणि आसपासच्या भागात भातशेतं, दलदली, संथ ओहोळ अशा उथळ पाण्यात राहणारा त्याचा जंगली भाऊबंद आखूड परांचा आणि चपळ असतो. त्यामुळे 'निसर्गात काटेकुटे नसतात का?' हा प्रश्न इथे लागू पडत नाही. काट्यांतून वाट काढणारं शरीर वेगळं होतं. आपण त्याच्या अंगावर भरजरी शालू चढवला आणि आता त्याच काट्यांतून चाल म्हणतोय.

हाफमून, क्राउनटेल, रोझटेल या जातींचे पर सर्वांत नाजूक. प्लाकाट जातीचे पर आखूड असतात, त्याला थोडी मोकळीक चालते. तुमच्याकडे प्लाकाट असेल तर खालचे काही नियम थोडे सैल करायला हरकत नाही. भोकांचा आणि धातूचा नियम मात्र त्यालाही तसाच लागू.

दुसरी गोष्ट श्वासाची. बेट्टाला कल्ल्यांखेरीज लॅबिरिंथ नावाचा एक अवयव असतो आणि त्यामुळे तो पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो. घेऊ शकतो म्हणजे त्याला ती घ्यावीच लागते. दिवसभर तो वर येतो, एक घोट हवा घेतो, परत जातो. लांब परांचं ओझं घेऊन ही ये-जा करताना तो दमतो, मग कुठल्या तरी पानावर चक्क आडवा टेकतो. नवख्या माणसाला वाटतं मासा मेला. तो विसावलेला असतो.

या दोन गोष्टींतून माझा एकच हट्ट निघतो: बेट्टाची टाकी वरून खाली सजवावी. बहुतेक लोक तळापासून सुरुवात करतात. रंगीत खडी, मग किल्ला, मग पाणबुड्याचा पुतळा, आणि वरचं अर्धं पाणी मोकळं. मासा मात्र राहतो वरच्या मजल्यावर, आणि तिथे टेकायला काहीच नसतं.

यादी करा, आणि ती निम्मी कापा

एका बेट्टासाठी साधारण २० लिटरची टाकी धरून चाला. त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू आपल्या आकाराइतकं पाणी बाहेर काढते, हे विसरलं जातं. दोन मोठे दगड आणि एक जाडजूड ओंडका ठेवला की २० लिटरच्या टाकीत १५-१६ लिटर पाणीच उरतं, आणि पाणी जितकं कमी तितकी घाण लवकर साठते.

गरजा मोजक्याच आहेत. पृष्ठभागाजवळ टेकायला एक जागा, लपायला एक आडोसा, नजर अडेल इतकी हिरवळ आणि पोहायला मोकळी वाट. बाकी सगळं आपल्या हौसेचं. हौसेला माझी हरकत नाही, पण ती शेवटी.

पायरी पहिली: स्पर्शाची परीक्षा

घरात नायलॉनचे जुने, पातळ स्टॉकिंग असतील तर फेकू नका. हातमोज्यासारखं एक हातात चढवा आणि वस्तूवर सगळीकडून हळू फिरवा: पानांच्या कडा, देठ जिथे जोडलेत ते सांधे, खिडक्यांच्या चौकटी, खालचा तळ. कुठे धागा अडकला, ओढला गेला, की तिथे पर फाटणार. स्टॉकिंग नसेल तर सुटा केलेला कापूस किंवा पातळ टिश्यू पेपरही चालेल. मग मनगटाच्या आतल्या नाजूक त्वचेवर ती कड घासून बघा. तळहात यासाठी फसवा आहे, तो राकट असतो.

बऱ्याच वस्तूंची कड खरखरीत असते ती साच्यातून निघताना राहिलेल्या बारीक शिवणीमुळे. बारीक पॉलिशपेपरने किंवा नखं घासायच्या कानशीने ती घासता येते. पण रंग दिलेल्या वस्तूवर हा प्रयोग करू नका. घासलेल्या जागी रंगाचा थर उघडा पडतो आणि पाण्यात पोपडे सुटायला लागतात.

प्लॅस्टिकची झाडं या परीक्षेत बहुतांशी नापास होतात, विशेषतः सुईसारख्या पानांची आणि टोकदार तुऱ्यांची. सिल्कची, म्हणजे कापडी झाडं पुष्कळदा पास होतात. तरी त्यांचं देठ वाकवून बघा. वाकवलेलं देठ तसंच वाकून राहिलं, तर आत तार आहे. ती तार कधी ना कधी प्लॅस्टिकच्या वेष्टणातून टोक काढते आणि गंजते. अशी झाडं परत ठेवून द्या.

पायरी दुसरी: भोकं मोजा

फाटलेला पर भरून येतो. अडकलेला मासा मात्र तासाभरात संपू शकतो, कारण त्याला हवेसाठी वर यायचं असतं आणि वाट बंद असते. म्हणून स्पर्शाच्या परीक्षेइतकाच वेळ भोकांना द्या.

माझा अंदाजाचा नियम असा: भोक किंवा फट एकतर अर्ध्या सेंटिमीटरहून लहान असावी, नाहीतर चार-पाच सेंटिमीटरहून मोठी. मधलं माप सगळ्यांत वाईट. डोकं जातं, कल्ले अडकतात, मागे सरकता येत नाही. किल्ल्यांच्या खिडक्या, मातीच्या कुंडीचं तळाचं भोक, शिंपल्यांची निमुळती तोंडं, पोकळ तरंगत्या ओंडक्याच्या बाजूची छिद्रं ही सगळी त्याच मापाची असतात. गुहेला दोन तोंडं असली तर उत्तम. मासा आत शिरला की पुढून निघून जातो, त्याला वळावं लागत नाही.

वस्तू टाकीत कशी बसते त्यावरही फटी ठरतात. दगड आणि काच यांच्यामधली चिंचोळी जागा, हीटर आणि ओंडका यांच्यामधली जागा, फिल्टरच्या मागचा कोपरा. वस्तू ठेवून झाल्यावर बाजूने, वरून, मागून बघा आणि प्रत्येक फटीला तोच नियम लावा.

भोक बुजवायचं असेल तर मत्स्यालयासाठीचं शुद्ध सिलिकॉन वापरा. बाथरूमच्या फरशीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारी रसायनं असतात, ते अजिबात नको. लावल्यावर निदान ४८ तास वाळू द्या. वाळताना येणारा व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय वस्तू पाण्यात घालू नका.

आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही, ती म्हणजे पोकळ पुतळ्याचं पोट. रेझिनचे किल्ले, जहाजं, कवट्या आतून पोकळ असतात आणि तळाशी एक लहान भोक असतं. त्यातून पाणी आत जातं, कुजकी घाण साठते, आणि आत पाणी खेळतं राहत नाही. कधी वस्तू उचलली की तिथून काळपट, घाण वासाचं पाणी बाहेर पडतं. असा पुतळा ठेवायचाच असेल तर ते भोक बुजवून टाका. नाहीतर न घेतलेलाच बरा.

पायरी तिसरी: कशाचं बनलंय ते विचारा

*जिवंत झाडं.* माझं सरळ मत आहे: नवख्या माणसानेसुद्धा खोट्या झाडांऐवजी खरी झाडं घ्यावीत. 'मला झाडं जमत नाहीत' म्हणणाऱ्यांसाठीच जणू अनुबियास नाना, जावा फर्न आणि जावा मॉस आहेत. यांना मंद उजेड पुरतो, खतमातीचा थर लागत नाही. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं, जाड खोड मातीत पुरायचं नाही, पुरलं की ते कुजतं. ओंडक्याला किंवा दगडाला सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर सायनोअ‍ॅक्रिलेटच्या जेलचा एक ठिपका लावून चिकटवा. हा तोच झटपट चिकटणारा गोंद. सुकल्यावर पाण्यात तो निरुपद्रवी राहतो. अनुबियासची रुंद, जाड पानं बेट्टाला पलंगासारखी वाटतात. रोप असं बांधा की एक तरी पान पृष्ठभागापासून चार-पाच सेंटिमीटर खाली येईल.

तरंगणाऱ्या झाडांत साल्व्हिनिया आणि अ‍ॅमेझॉन फ्रॉगबिट ही दोन मला आवडतात. लोंबणारी मुळं, खाली पडणारी मऊ सावली, वरून येणारा दिव्याचा झोत मंदावतो. नर बेट्टा पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं करतो, त्यालाही या पानांचा आधार मिळतो. पण ही झाडं फार भराभर पसरतात. निम्मा पृष्ठभाग मोकळा राहील इतकीच ठेवा, जादा झाली की उचलून टाका. पृष्ठभाग पूर्ण झाकला तर श्वासासाठी वर येणाऱ्या माशाला वाट शोधावी लागते.

रोपं आणल्यावर दोन कामं विसरू नका. जुडीला धातूची मऊ पट्टी गुंडाळलेली असते, ती काढून टाका. त्यात बऱ्याचदा शिसं असतं. कुंडीतल्या रोपाच्या मुळांभोवतीची रॉकवूलची पिवळट लोकर चिमट्याने सोडवा. मग रोप वेगळ्या बादलीत आठवडा-दोन आठवडे ठेवा आणि दोन-तीनदा पाणी बदला. गोगलगायींची अंडी दिसतील, आणि रोपवाटिकेतल्या फवारणीचा अंश असेल तर तोही उतरेल.

*लाकूड.* मत्स्यालयासाठी विकलं जाणारं ड्रिफ्टवूड घ्या. नदीकाठचा ओंडका देखणा दिसतो, पण तो कुठल्या झाडाचा, त्यावर काय फवारलं गेलंय, आत काय कुजतंय, काही कळत नाही. पाइनसारखी डिंक गाळणारी मऊ लाकडं आणि ताजी, ओली फांदी तर मुळीच नको. समुद्रावरचं लाकूड मीठ प्यायलेलं असतं.

विकतचं लाकूडही आधी तासभर किंवा दोन तास उकळा, भांड्यात मावत नसेल तर उकळतं पाणी ओता. मग बादलीत वजन ठेवून बुडवा. पाणी चहासारखं होईल. ते टॅनिन, आणि बेट्टाला ते चालतं. तो मूळचा अशाच रंगाच्या पाण्यातला. रंग आवडत नसेल तर रोज पाणी बदलत राहा, हळूहळू कमी होतो. काही लाकडं बुडायला दोन-तीन आठवडे घेतात. घाई असेल तर तळाला स्लेटची फरशी बांधा.

टाकीत ठेवल्यावर लाकडावर पांढरी, बुळबुळीत जाळी चढली तर घाबरू नका. बहुतेक नव्या लाकडांवर ती येते, काही आठवड्यांनी आपोआप जाते. ब्रशने घासून काढलीत तरी चालेल. लाकूड मऊ पडून बोटाने चुरायला लागलं किंवा त्याला कुजका वास आला, तर मात्र ते बाहेर.

लाकडाच्या टोकांवरही स्टॉकिंग फिरवा. स्पायडरवूडच्या बारीक फांद्या दिसायला सुंदर, पण टोकं सुईसारखी असतात. ती चिमट्याने तोडून घासून घ्या.

*बदामाची पानं.* टर्मिनॅलिया कटाप्पा, म्हणजे आपण ज्याला देशी बदाम म्हणतो, त्याची सुकून तपकिरी झालेली पानं बेट्टा पाळणारे जगभर वापरतात. खायच्या बदामाचं झाड वेगळं. गळून पडलेलं, फवारणी नसलेल्या जागचं, बुरशी न लागलेलं पान धुवा आणि २० लिटरला एक टाका. दोन-तीन दिवसांत बुडतं, काही आठवड्यांत जाळीदार होतं, मग नवं टाका. यातून टॅनिन उतरतं, पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि मासा त्याखाली लपतो. काही जण याला सगळ्या रोगांवरचा उतारा समजतात, ते खरं नाही. आजारी माशाला स्वच्छ पाणी आणि योग्य उपचारच लागतात.

*दगड.* दोन प्रश्न विचारायचे. टोकदार आहे का? पाण्यात विरघळतो का? स्लेट, ग्रॅनाइट, बेसॉल्ट, क्वार्ट्झ हे पाण्यात काही सोडत नाहीत. चुनखडी, संगमरवर, प्रवाळ आणि शंख-शिंपले हे कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले विरघळलेले क्षार, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, चढत जातो. सेरियू नावाने मिळणारा राखाडी, पांढऱ्या रेघांचा दगडही त्यातलाच. लाव्हा रॉक रासायनिकदृष्ट्या निर्धोक, पण स्पर्शाच्या परीक्षेत सपशेल नापास. तो वापरायचा तर मॉसने पूर्ण झाकून.

ओळखायची युक्ती सोपी आहे. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. फेस आला किंवा बारीक बुडबुडे उठले तर तो दगड बाजूला. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे डोलोमाइटसारखा दगड सहज निसटतो. म्हणून खिळ्याने खरवडून थोडी भुकटी करा आणि थेंब तिच्यावर टाका. दगडात धातूसारखी चमकणारी किंवा हिरवट-तांबूस रेघ दिसली तर व्हिनेगरची वाटही बघू नका.

एक सावधगिरी: दगड उकळू नका, ओव्हनमध्येही घालू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. ब्रशने घासा, गरम पाणी ओता, एवढं पुरे.

*मातीची भांडी आणि करवंट्या.* झिलई नसलेली साधी लाल मातीची कुंडी आडवी ठेवली की झकास गुहा होते, फक्त तळाचं भोक बुजवा. चकचकीत, रंगवलेलं भांडं घेताना विचार करा. ते खाण्यापिण्यासाठी बनवलेलं नसेल तर त्या झिलईत किंवा रंगात शिसं असू शकतं. नारळाची करवंटीही चांगली. आतलं खोबरं, शेंड्या सगळं काढा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत उकळा, आणि तोंडाची कड कानशीने गोल करा.

*वाळू आणि खडी.* तीन ते पाच सेंटिमीटरचा थर पुरतो. बारीक वाळू किंवा गोल, गुळगुळीत बारीक खडी. काचेच्या गोट्या दिसतात छान, पण त्यांच्यामधल्या मोठ्या फटींत अन्नाचे दाणे पडतात, तिथेच कुजतात आणि माशाला विषारी असलेला अमोनिया वाढवतात. भडक रंगाची खडी पांढऱ्या कपड्यावर ओली करून घासा. रंग कपड्यावर आला तर पाण्यातही येणार.

*थेट नाही म्हणायच्या गोष्टी.* नाणी, तांब्या-पितळेच्या वस्तू, जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळ्या: तांबं आणि जस्त विरघळून माशांना विषारी ठरतात. पाण्यात फुगणारे जेलचे मणी, कारण मासा ते गिळू बघतो. मुलांची रबरी खेळणी, ज्यांचा प्लॅस्टिकचा वास नाकाला झोंबतो. चकाकी चिकटवलेलं काहीही. कापलेला बांबू, जो पाण्यात कुजतो. आणि आरसा. स्वतःची प्रतिमा बघून बेट्टा दुसरा नर आलाय असं समजून कल्ले फुलवतो. क्षणभर बघायला ते मजेचं वाटतं, पण कायमचा आरसा म्हणजे कायमचं भांडण.

बुडबुडे सोडणारे ज्वालामुखी आणि झाकण उघडणारे खजिन्याचे पेटारे विषारी नसतात. पण लहान टाकीत ते पाणी इतकं घुसळतात की लांब परांचा मासा दिवसभर त्या प्रवाहाशी झुंजत राहतो. बेट्टासाठी ते नकोत.

पायरी चौथी: धुणं आणि बादलीतला आठवडा

साबण, भांड्यांची पावडर, सुगंधी जंतुनाशक यातलं काहीही नको. सच्छिद्र वस्तूत ते मुरतं आणि नंतर सुटत राहतं. गरम पाणी आणि या कामासाठीच राखलेला नवा ब्रश, बस्स. क्षारांचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर लावा आणि भरपूर पाण्याने धुवा.

मग प्रत्येक वस्तू स्वच्छ बादलीत, टाकीत वापरणार तेच पाणी घालून, आठवडाभर बुडवून ठेवा. शेजारी दुसरी बादली ठेवा, त्यात नुसतं पाणी. लोक दुसरी बादली टाळतात आणि मग फसतात. नळाच्या पाण्याचा पीएच काहीही न घालताही उभ्या-उभ्या थोडा बदलतो, म्हणून तुलनेला काहीतरी हवं. आठव्या दिवशी दोन्ही बादल्यांचा पीएच आणि जडपणा मोजा. पाण्यावर तेलकट तवंग आहे का, रंग उतरलाय का, वास कसा येतोय, वस्तूचा पृष्ठभाग चिकट झालाय का, तेही बघा. लाकूड आणि बदामाची पानं सोडून दुसऱ्या कशानेही पाणी रंगलं असेल तर ती वस्तू रद्द. रंगाचा एक पोपडा निघाला तरी रद्द. पोपडा एकटा कधी निघत नाही.

पायरी पाचवी: मांडणी

जड दगड आणि कुंडी आधी, थेट टाकीच्या तळावर, हवं तर खाली पातळ फोमचा तुकडा घालून. वाळू नंतर, त्यांच्या भोवतीने. वाळूवर ठेवलेला दगड वाळू सरकली की कलंडतो, मग काचेला तडा जातो नाहीतर मासा खाली सापडतो. ठेवल्यावर बोटाने ढकलून बघा. डुगडुगला तर पुन्हा बसवा.

आता वरचा मजला. अनुबियास बांधलेलं लाकूड तिरकं उभं करा, म्हणजे त्याची वरची फांदी पृष्ठभागाजवळ येईल. सक्शन कपने काचेला चिकटणारं पान, ज्याला बेट्टा हॅमॉक म्हणतात, तेही चालतं. पण त्याच्या देठात तार असते का ते आधी बघा. काही पानांत असते, आणि मग गंज ठरलेला. तार नसलेलं मिळालं नाही तर अनुबियासचं पानच बरं.

उंच झाडं मागे, कडेला. मधे पुढच्या बाजूला मोकळी जागा ठेवा, अन्न तिथेच टाका म्हणजे उरलेलं दिसतं आणि उचलता येतं. हीटरभोवती चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडा. पाणी तिथे फिरलं नाही तर टाकीचा एक कोपरा तापतो, दुसरा गार राहतो, आणि बेट्टाला सगळीकडे २४ ते २८ अंश सेल्सिअस हवं असतं. फिल्टरची ओढ जास्त असेल तर तोंडावर स्पंज बसवा. त्याच्या समोर एखादं लाकूड किंवा दाट झाड आलं की प्रवाहही मोडतो. सजावटीचा हा सगळ्यांत उपयोगी वापर.

झाकण विसरू नका, बेट्टा उड्या मारतो. पाणी काठोकाठही भरू नका. वर थोडी हवा राहिली पाहिजे.

पायरी सहावी: पहिले दोन आठवडे

मासा सोडल्यावर पहिल्या रात्री एक गंमत करा. खोलीतला दिवा बंद, टाकीतला चालू. बाजूने वाकून आतल्या काचेकडे बघा. काच आरशासारखी झाली असेल तर मागे आणि बाजूंना फिकट रंगाचा कागद लावा, किंवा खोलीतला दिवा आधी बंद करायची सवय सोडा.

नंतर रोज पाच मिनिटं नुसतं बघा. पर मिटून कोपऱ्यात बसणं, अंगावर आडव्या फिकट पट्ट्या, एकाच जागी काचेवर वर-खाली करत राहणं, पृष्ठभागावर धापा टाकणं हे काहीतरी बिनसल्याचं सांगतात. असं झालं तर आधी पाण्याची तपासणी, अमोनिया आणि त्यापासून होणारं, तसंच विषारी नायट्राइट दोन्ही. पाणी ठीक असेल तर शेवटची ठेवलेली वस्तू काढून दोन दिवस बघा. म्हणूनच सगळ्या वस्तू एकाच दिवशी ठेवू नयेत, असं माझं मत. कोणती वस्तू गुन्हेगार ते कळायला सोपं जातं.

पर फाटला असेल तर तो कसा फाटलाय ते बघा. सरळ, स्वच्छ चीर आणि कडेचा रंग नेहमीसारखा, म्हणजे कशात तरी अडकून फाटला. पाणी स्वच्छ ठेवा, काही आठवड्यांत पारदर्शक नवी वाढ दिसायला लागते. कड झिजत चाललेली, काळपट किंवा लालसर, रोज थोडी आत सरकणारी, म्हणजे पर कुजण्याचा रोग. त्याला उपचार लागतो. आणि रातोरात शेपटीचा अर्धगोल घास नाहीसा झाला असेल तर तो त्याने स्वतःच घेतलेला असू शकतो. जड परांना कंटाळलेले किंवा त्रासलेले बेट्टा आपलीच शेपूट चावतात. अशा वेळी जोराचा प्रवाह आणि प्रतिबिंब हे दोन संशयित आधी धरा.

पाणी बदलायच्या दिवशी स्टॉकिंग पुन्हा हातात चढवा. लाकडाच्या फांद्या मऊ होऊन तुटतात आणि तुटल्या जागी नवी टोकं येतात. रेझिनचा रंग वर्ष-दीड वर्षाने सुटायला लागतो, सक्शन कप कडक होऊन निसटतात. माझं एक स्टॉकिंग टाकीच्या कपाटात जाळी आणि थर्मामीटरच्या शेजारी कायमचं टांगलेलं असतं. पाहुणे विचारतात हे काय, आणि मी सांगत बसतो.